अडकलेला चक आणि मोडलेले दात : लेथच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

जुना लेथ पारखण्यास आलेला जाणता टर्नर यंत्राच्या रंगाकडे पाहत नाही. तो हेडस्टॉकवरचे झाकण दूर करतो आणि आतील सर्वांत मोठ्या दातेरी चाकावरून सावकाश बोट फिरवितो. एखादा दात तुटलेला लागला, किंवा ओळीने दोन-तीन दात नाहीसे झालेले आढळले, की तो मनाशी समजतो : या यंत्रावर केव्हातरी चक अडकला होता, आणि तो काढताना कोणाचा तरी धीर सुटला होता. यंत्राची बखर कोणी लिहीत नाही; तिच्या जागी हे व्रणच वाचावे लागतात.

विश्वकर्म्यास आद्यपुरुष मानणाऱ्या आपल्या समाजात लेथ हा शब्द घरोघर परिचित आहे. परळ व माटुंगा येथील रेल्वेच्या कर्मशाळा, गिरण्यांची मेकॅनिक खाती, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना अशा ठिकाणी आपल्या मागील पिढ्यांनी हयात वेचली, आणि पुढे त्यांतील कित्येकांनी घराच्या पडवीत किंवा गल्लीतल्या गाळ्यात स्वतःचा एक जुना लेथ मांडला. त्या लेथवर मुलांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली. आज त्यांतील पुष्कळ लेथ धूळ खात पडले आहेत, आणि काही तर 'चक निघत नाही' एवढ्याच कारणावरून भंगाराच्या वजनाने विकले गेले आहेत. बेड सरळ, स्पिंडल शाबूत, बेअरिंगे उत्तम. आणि तरीही यंत्र निकाली! म्हणून हा विषय क्षुल्लक वाटला तरी त्याचा पूर्वेतिहास आणि त्यावरील उपाय या स्मरणिकेत एकदा सविस्तर नोंदवून ठेवणे अगत्याचे वाटते.

ज्या वाचकांचा कारखान्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. लेथवर जी वस्तू कातावयाची ती फिरती असते आणि हत्यार स्थिर असते. वस्तू घट्ट धरणारा जो पंजा, तो चक. त्याच्या बोटांना जॉ म्हणतात. यंत्राचा जो मुख्य फिरता आस, तो स्पिंडल. त्याच्या पुढच्या टोकास 'नाक' म्हणण्याचा प्रघात आहे. जुन्या लेथच्या या नाकावर बाहेरून आटे पाडलेले असतात, आणि चकाच्या पाठीशी बोल्टांनी जोडलेली बीडाची बॅकप्लेट त्या आट्यांवर नटाप्रमाणे फिरवून बसविलेली असते. आटे उजवे असतात. कारागीर यंत्रासमोर उभा असता स्पिंडलचा वरचा भाग त्याच्याकडे येत फिरतो. हत्यार त्या फिरण्यास विरोध करते. आणि त्या विरोधाने चक नाकावर अधिकाधिक आवळला जातो. म्हणजे काम करता करता चक आपोआप घट्ट होत जावा अशीच ही योजना आहे. ज्या गुणामुळे चक सुटून उडत नाही, त्याच गुणामुळे तो कधी कधी मुळीच सुटत नाही.

ही योजना फार प्राचीन असणे शक्यच नव्हते. कातण्याची विद्या मात्र अतिप्राचीन आहे. ईजिप्तमधील पेटोसिरिस नामक पुरोहिताच्या थडग्यात, ख्रिस्तपूर्व सुमारे ३०० च्या काळातील, कातकामाचे एक शिल्पचित्र आहे. त्यात एक जण पट्टा ओढून वस्तू फिरवितो आहे आणि दुसरा हत्यार धरून बसला आहे. आपल्याकडील कातारी कमानीच्या दोरीने लाकूड फिरवीत आला. सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांमागे हीच विद्या आहे, आणि 'कातीव' हा सुबकपणाचा शब्द मराठीस या धंद्यानेच दिला. परंतु कमान असो वा पट्टा असो, फिरणे एकदा पुढे व एकदा मागे असे होत असे. अशा यंत्रावर आट्यांनी बसविलेला चक पहिल्याच उलट्या हिसक्यास सैल पडला असता. आट्यांचा चक हे अखंड व एकाच दिशेने फिरणाऱ्या यंत्राचे अपत्य आहे. पायटा, भुजा व जड चाक यांची जोड मिळून लेथला अखंड गती आली, पुढे पाण्याची व वाफेची शक्ती तिच्या दिमतीस आली, आणि मगच या युक्तीस वाव मिळाला.

लोखंड कातण्याच्या लेथला आजचे रूप येण्याच्या कथेत हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराचे नाव अग्रभागी घेतले जाते. १७७१ साली वूलिच येथे जन्मलेला हा माणूस ब्रामा या प्रसिद्ध कुलूपकर्त्याकडे वाढला आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. १८०० च्या सुमारास त्याने जो आटे पाडण्याचा लेथ सिद्ध केला त्यात सरकती हत्यारगादी, लीडस्क्रू आणि बदलण्याची दातेरी चाके यांचा मेळ घातलेला होता. तत्पूर्वी आटे ही हाताच्या कौशल्याची गोष्ट होती. मॉडस्लेचा शिष्य जेम्स नॅस्मिथ याने लिहून ठेवले आहे की, त्या आधीच्या काळी प्रत्येक बोल्टला त्याचाच नट लागे, आणि यंत्र उघडताना जोड्या खुणा करून ठेवल्या नाहीत तर पुढे मोठा घोटाळा होई. मॉडस्लेचाच दुसरा शिष्य जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाण आटे सुचविले व ही बजबजपुरी पुष्कळशी आटोक्यात आणली.

परंतु गंमत अशी की, ज्या यंत्राने जगाला प्रमाण आटे दिले त्या यंत्राच्या नाकावरचे आटे मात्र दीर्घकाळ ज्याचे त्याचे राहिले. कारखानदार बदलला की नाकाचे माप बदले. अमेरिकेतील साऊथ बेंड कंपनीच्या ९ इंची लेथचे नाक दीड इंच व्यासाचे आणि इंचास ८ आट्यांचे. इंग्लंडात १९४६ मध्ये निघालेल्या मायफर्डच्या एमएल-७ या छोट्या लेथचे नाक सव्वा इंचाहूनही लहान, १ १/८ इंचाचे, आणि इंचास १२ आट्यांचे. एकाची बॅकप्लेट दुसऱ्यास चालणे नाही. म्हणून अडकलेली बॅकप्लेट फोडण्यापूर्वी शहाणा मनुष्य दहा वेळा विचार करतो. बाजारात तिची जोड सहसा मिळत नाही. ती आपल्यालाच कातून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी लेथच्या दारी जावे लागते.

आता त्या मोडक्या दातांच्या चाकाकडे वळू. मॉडस्लेच्याच कारखान्यात काही काळ राहून गेलेला रिचर्ड रॉबर्ट्स हा वेल्सच्या सीमेवरील गावचा कारागीर मँचेस्टर येथे स्थायिक झाला. त्याने १८१७ मध्ये बनविलेल्या लेथच्या हेडस्टॉकमध्ये बॅक गिअर आहे. हाच रॉबर्ट्स पुढे सूत कातणाऱ्या स्वयंचलित म्यूलचा जनक म्हणून गाजला. १८५४ पासून मुंबईत ज्या गिरण्या उभ्या राहू लागल्या त्यांच्या प्रारंभीच्या काळात सूत म्यूलवरही निघत असे. तेव्हा गिरणगावात पोट भरलेल्या आपल्या पूर्वजांवर या एका माणसाचे दुहेरी ऋण आहे, म्हणावयास हरकत नाही. असो. बॅक गिअरचे काम असे की, पुली स्पिंडलपासून मोकळी करावयाची आणि तिची गती बाजूच्या दोन चाकांमधून स्पिंडलवरील मोठ्या चाकास, ज्यास बुल गिअर म्हणतात त्यास, पोचवावयाची. म्हणजे वेग घटतो व जोर वाढतो. पुली मोकळी न करताच बॅक गिअर गुंतविला, तर मात्र चाके एकमेकांस रोखून धरतात आणि स्पिंडल जागच्या जागी थिजतो. चक सोडविण्यासाठी स्पिंडल धरून ठेवणे तर भागच असते. मग फुकटचे कुलूप हाती असता दुसरे कोण शोधतो? पिढ्यान् पिढ्या कारागिरांनी हीच युक्ती केली, चकात लांब पहार धरली, तीवर घण घातला, आणि बीडाचे दात मटकन मोडून पडले. बीड दाब सोसते, धक्का सोसत नाही. आणि तो सारा धक्का एका वेळी एका-दोन दातांवरच पडतो. रॉबर्ट्सने ते चाक गती देण्यासाठी योजिले होते. कुलूप म्हणून त्याचा उपयोग व्हावा असे त्याच्या स्वप्नीही नसेल.

चकाचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या सायमन फेअरमन याने १८३० मध्ये लेथच्या चकाचे पेटंट घेतले. त्याचा जावई ऑस्टिन कुशमन याने १८६२ मध्ये हार्टफर्ड येथे चकांचा कारखाना काढला आणि एक चावी फिरविताच सर्व जॉ एकसारखे मध्याकडे सरकतील असा चक प्रचारात आणला. त्या सुखसोयीमुळे चक हा लेथचा जणू कायमचा अवयव बनला. पूर्वी कामागणिक नाकावरची वस्तू बदलावी लागे. आता महिनोन् महिने तोच चक नाकावर राहू लागला. जी गोष्ट वारंवार उघडली जात नाही ती गंजते, हे आपल्याकडील कुलपांवरूनही कळते. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत तर विचारावयासच नको.

त्यात हत्यारे सुधारली. टेलर व व्हाइट यांनी अमेरिकेत सिद्ध केलेले हायस्पीड पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लालभडक होईतो कातताना लोकांनी पाहिले. १९२७ मध्ये जर्मनीच्या क्रुप कंपनीने विडिया या नावाने कार्बाइड बाजारात आणले. कापाची खोली वाढली, जोर वाढला, आणि त्या प्रमाणात चक नाकावर अधिक आवळू लागला. शिवाय जुन्या काळी माथ्यावरच्या शाफ्टपासून चामड्याच्या सपाट पट्ट्याने लेथ चाले. हत्यार कामात रुतले की पट्टा घसरे, क्वचित पुलीवरून उतरे. कारागीर चरफडे, पण चक वाचे. पुढे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र मोटर व व्ही-बेल्ट आला, तो सहसा घसरत नाही. रुतलेल्या हत्याराचा सारा झटका थेट नाकाच्या आट्यांवर जाऊ लागला. पट्टा घसरण्यास आपले वडीलधारे नावे ठेवीत, परंतु त्या घसरण्यात यंत्राचे संरक्षण होते, हे पट्टे गेल्यावर ध्यानात आले.

आट्यांच्या नाकाचा दुसरा दोष असा की, यंत्र उलटे चालविले किंवा एकाएकी थांबविले तर चक स्वतःच उलगडून बेडवर कोसळण्याचे भय असते. या दोन्ही दोषांवर उपाय म्हणून १९३० च्या दशकापासून अमेरिकेत निमुळत्या नाकाच्या नव्या पद्धती रूढ होऊ लागल्या. एकीत लांब निमुळते नाक, चावी व मोठी नटकडी; दुसरीत आखूड निमुळते नाक व खुंट्या अडकविणारे कॅम, जिला कॅमलॉक म्हणतात. दोहोंतही चक काढणे हे दोन मिनिटांचे काम. आपल्या देशात १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर आणि १९५३ मध्ये बंगलोर येथे स्विस सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्स या संस्था उभ्या राहिल्या व यंत्रे घडविण्याच्या उद्योगास पक्का पाया लाभला. तथापि बटाला, लुधियाना, राजकोट येथील छोट्या कारखान्यांचे स्वस्त लेथ आणि परदेशातून आलेली जुनी यंत्रे यांच्यामुळे गल्लीतल्या गाळ्यात आट्यांचे नाक टिकून राहिले. आपल्या घरोघरी जो लेथ आहे तो बहुधा याच जातीचा.

तेव्हा चक अडकला असता काय करावे? प्रथम, घाई करू नये. चक यंत्रावर कित्येक वर्षे तसाच असेल, तर आणखी आठ दिवसांनी काही बिघडत नाही. बॅकप्लेट आणि नाकाचा खांदा जेथे भिडतात ती फट तारेच्या ब्रशाने साफ करावी. चकाचे जॉ काढून पुढून आत पाहिले तर नाकाचे टोक दिसते. तेथून व मागच्या फटीतून, दोन्हीकडून, पातळ तेल सोडावे. रॉकेलमध्ये थोडे यंत्राचे तेल मिसळून सोडण्याची आपल्याकडील जुनी रीत वाईट नाही. सकाळ-संध्याकाळ तेल द्यावे व बॅकप्लेटच्या कडेवर लाकडी हातोडीने फिरत फिरत हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आट्यांत उतरते. हे काम घरातील शाळकरी मुलावरही सोपविता येते.

नंतर स्पिंडल धरण्याचा प्रश्न. बॅक गिअरला कुलूप करू नये, हे वर आलेच आहे. स्पिंडल पोकळ असेल तर त्याच्या मागच्या टोकात फुगणारा डट्टा घट्ट बसवावा व त्यास लांब दांडा जोडून तो लाकडावर टेकवावा. किंवा पुलीच्या सर्वांत मोठ्या पायरीस चामड्याचा पट्टा गुंडाळून तो आवळून धरावा. यांत जोर सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो, एका दातावर येत नाही. मग चकात जाड षट्कोनी सळई पक्की धरावी, तीवर मोठा पाना चढवावा, आणि लेथ नेहमी ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने, म्हणजे वरून आपल्याकडे, तो ओढावा. चक मोकळा होतो तो याच दिशेने. पुष्कळांचा येथेच गोंधळ होतो आणि ते निष्कारण अधिक आवळीत बसतात. सततच्या ओढीपेक्षा पान्याच्या टोकावर एक नेमका, आखूड ठोका अधिक गुणकारी ठरतो. घण मात्र दूर ठेवावा. त्याचा मार बेअरिंगांस बसतो.

याहून सोपी व आपल्या जुन्या टर्नरांच्या आवडीची रीत म्हणजे लाकडी ठोकळ्याची. बेडच्या मागच्या पट्टीवर सागाचा किंवा बाभळीचा भक्कम ठोकळा अशा उंचीचा ठेवावयाचा की चकाचा एक जॉ आडवा आला असता त्यावर टेकेल. विजेचा संबंध पूर्ण तोडावयाचा, बेल्ट हातात घ्यावयाचा आणि स्पिंडल उलटा झटक्याने फिरवावयाचा. जॉ ठोकळ्यावर आदळून थांबतो, स्पिंडल व पुली आपल्या वजनाच्या जोराने पुढे जाऊ पाहतात, आणि पाच-दहा आघातांत चक 'टक्' असा आवाज करून सुटतो. ज्याने तो आवाज एकदा ऐकला आहे तो विसरत नाही. हे काम मोटरने कदापि करू नये. आणि चक सुटण्याआधी बेडवर फळी टाकून ठेवावी. सुटलेला जड चक बोटांची वा बेडची गय करीत नाही.

एवढ्यानेही न भागल्यास उष्णतेचा आश्रय करावा. येथे हिशेब समजून घेण्यासारखा आहे. बीड व पोलाद ही दोन्ही तापविली असता जवळजवळ सारखीच फुगतात. म्हणून दोन्ही एकत्र तापली तर लाभ काहीच नाही. बॅकप्लेट भराभर तापली पाहिजे आणि नाक थंड राहिले पाहिजे. दीड इंची नाकावर दोहोंत १०० अंश सेल्सियसचा फरक पडला तर बॅकप्लेटचे भोक सुमारे चार शतांश मिलिमीटर मोठे होते. माप केसाहून बारीक, पण गंजाची पकड मोडावयास पुष्कळदा तेवढे पुरते. म्हणून स्पिंडलच्या पोकळीत ओले फडके घालून ठेवावे व गॅसची ज्योत केवळ बॅकप्लेटच्या मानेवर सर्व बाजूंनी फिरवावी. तत्पूर्वी रॉकेल व तेल पुसून काढण्यास विसरू नये, नाहीतर चक राहील बाजूला आणि गाळा पेट घेईल.

अखेरचा उपाय म्हणजे चक आणि बॅकप्लेट यांची फारकत. मागचे बोल्ट काढले की चक मोकळा होतो. तो महागाचा भाग, तो वाचला. उरलेल्या बॅकप्लेटवर त्याच बोल्टांच्या भोकांतून लोखंडाची लांब पट्टी आडवी कसावी. तिच्या लांबीमुळे जो जोर मिळतो त्यापुढे हट्टी प्लेटही नमते. आणि तीही न नमली तर? तर लेथ सुरू करावा व त्याच्याच हत्याराने ती बॅकप्लेट जागच्या जागी कातून पातळ करीत जावी. आट्यांवर बीडाचे पातळ कवच राहिले की थांबावे आणि छिन्नीने ते आडवे चिरावे. मऊ बीड फुटते, नाकाचे आटे शाबूत राहतात. प्लेट गेली, पण लेथ राहिला.

नवा चक चढविताना दोन्हीकडचे आटे कीस राहणार नाही असे पुसावेत, तेलाचा एक थेंब द्यावा, आणि चक हातानेच फिरवीत खांद्यास टेकवावा. मोटर लावून तो खांद्यावर आदळविणे हे तर अडकण्याचे पहिले आमंत्रण. कित्येक जुने टर्नर खांद्यावर पातळ कागदाची चकती घालीत. नेमक्या कामात तिने थोडा फरक पडू शकतो, हे खरे. परंतु जेथे चक वर्षानुवर्षे उतरत नाही अशा घरगुती लेथवर ती घालावी, असे माझे मत आहे.

ज्यांचे दात आधीच गेलेले आहेत त्या चाकांचे काय, असा प्रश्न उरतो. चाक फेकून देण्याचे कारण नाही. मोडलेल्या दाताच्या जागी चाकाच्या कडेत कबुतराच्या शेपटीच्या आकाराची खाच पाडावी, तीत पितळेचा किंवा बीडाचा तुकडा ठोकून पक्का करावा, आणि शेजारच्या दातावरून पत्र्याचा नमुना काढून तो तुकडा कानशीने घासून दाताच्या आकारास आणावा. किंवा मोडलेल्या जागी ओळीने बारीक भोके पाडून आटे द्यावेत, त्यांत पोलादी खुंट्या फिरवून बसवाव्यात व मग त्या घासाव्यात. दोन दिवसांचे, डोळ्यांस ताण देणारे काम आहे. पण नीट केले तर बॅक गिअर पुन्हा पूर्ववत चालू लागतो. जुन्या लेथांच्या हेडस्टॉकमध्ये काळ्या बीडाच्या चाकात असा एखादा पिवळा दात अजूनही आढळतो. त्याच्यावर कानशीच्या रेघा स्पष्ट दिसतात. शेजारच्या दातांहून तो किंचित रुंद असतो, आणि चाक फिरताना दर फेऱ्यास त्याचा आवाज वेगळा येतो.